तापीकाठचे ताट : अन्न, आरोग्य आणि पर्यावरण



'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण ऐकल्यावाचून सुरतेत कोणी लहानाचा मोठा झालेला नाही. जेवावे सुरतेत आणि देह ठेवावा काशीत. आपल्या मराठी घरांनी या म्हणीचा पहिला अर्धा भाग मनापासून मान्य केला. रविवारी सकाळी लोचो, थंडीत उंधियू आणि पोंक, चांदनी पडव्याला घारी, आणि त्याच ओट्यावर संध्याकाळी शेवभाजी, वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी. कोणाचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर सोनगड-नवसारीकडे आले, कोणी तापी खोऱ्यातून आलेल्या रेल्वेने, तर कोणी १९७२ च्या दुष्काळानंतर गिरण्या आणि यंत्रमागांवर काम शोधत आले. येताना प्रत्येकाने आपापले ताट बरोबर आणले आणि येथे त्यात भर घातली.

आज याच ताटाविषयी बोलायचे आहे, परंतु चवीच्या अंगाने नाही. ताटात पडलेला घास कोणत्या जमिनीत आणि किती पाण्यावर पिकला, कोणाच्या हातांनी काढला, बाजारात कसा आला, पोटात गेल्यावर शरीराचे काय करतो आणि उरला तर कोठे जातो, या सगळ्या साखळीला अन्नव्यवस्था म्हणतात. ही साखळी एके ठिकाणी ताणली की दुसऱ्या ठिकाणी दुखते. जगभरचा विचार केला तर वातावरणात मिसळणाऱ्या तापवायूंपैकी सुमारे एक तृतीयांश वायू अन्न पिकवणे, वाहून नेणे, शिजवणे आणि फेकणे या कामांतून येतात. पण हा आकडा फार दूरचा वाटतो. म्हणून आपण जवळच पाहू. तापीकाठी पाहू.

ज्वारी कोठे गेली?

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, खानदेशातून वाहत येते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपाशी खाडीला मिळते. या खोऱ्याची जमीन काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत पावसाळ्याच्या ओलीवर थंडीत ज्वारी उभी राहते. खानदेशात तिला 'दादर' म्हणतात. सुरतकर थंडीत जो पोंक खातो तो या ज्वारीचाच कोवळा दाणा, म्हणजे आपला हुरडा. सुरतेच्या अठवा फार्मवर नवसारी कृषी विद्यापीठाचे ज्वारीचे मुख्य संशोधन केंद्र आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. एवढे हे धान्य येथले आहे. तापीच्या दोन्ही टोकांना एकच पीक होते आणि गरिबापासून श्रीमंतापर्यंत एकच भाकरी होती.

मग ती गेली कोठे? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पहिले कारण पाणी. १९५४ च्या सुमारास काकरापारचा बंधारा कामाला लागला आणि १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले. सोनगड, उच्छल, निझर या भागांतली अनेक आदिवासी गावे जलाशयाखाली गेली आणि खालच्या सपाटीवर बारमाही कालवे आले. ज्या शेतकऱ्याच्या बांधाला बारमाही पाणी आले तो ज्वारी कशाला लावील? दुसरे कारण गिऱ्हाईक. १९५५ मध्ये बारडोलीला सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि पुढे दक्षिण गुजरातेत अशा कारखान्यांची रांग लागली. १९२८ च्या सत्याग्रहाची ही भूमी, शेतकरी संघटित होता. ऊस लावला की तो कोण घेणार हा प्रश्न उरत नाही. ज्वारीच्या मागे मात्र पाखरे राखा, कणसे खुडा, मळणी करा आणि मग बाजारात भावाची वाट पाहा. तिसरे कारण रेशन. सरकारने हमीभावाने खरेदी केली ती मुख्यतः गहू आणि तांदळाची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला, तोही प्रत्यक्षात बहुतेक गहू-तांदळाच्या रूपाने मिळतो. जे स्वस्त मिळते ते घरात येते आणि जे घरात येते तेच मुलांच्या जिभेला लागते.

चौथे कारण आपल्या मनातले आहे. ज्वारी हे गरिबीचे चिन्ह ठरले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना पुढे पांढरी पोळी म्हणजे सुटका वाटली. यात चूक काहीच नव्हती. आमच्या आजीने सुरतेत बिऱ्हाड केले तेव्हा पाहुण्यांसमोर भाकरी वाढायला ती लाजत असे. पन्नास वर्षांनी माझ्या आईला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी भाकरी खा म्हणून सांगितले, आणि बाजारात गेलो तर ज्वारी गव्हाहून महाग! गरिबाचे धान्य आता गरिबाला परवडत नाही, ही गोष्ट त्या दिवशी मला दुकानाच्या पायरीवर कळली. या लेखाची सुरुवात तेथूनच झाली.

उसाचे पाणी

ज्वारीला साऱ्या हंगामात साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर पाणी पुरते. उसाला १५०० ते २५०० मिलिमीटर लागते. शेतापासून हिशोब केला तर एक किलो साखरेमागे सुमारे दीड ते दोन हजार लिटर पाणी खर्च होते. पाणी भरपूर असलेल्या प्रदेशात ऊस लावू नये असे कोणी म्हणणार नाही. ऊस आणि सहकार यांनी बारडोली, चलथाण, गणदेवी या भागांत पक्की घरे, शाळा, दवाखाने आणले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा आहे.

काळी चिकण जमीन पाणी पटकन सोडत नाही. तिला वर्षभर पाजले की भूजल वर चढते. पाणी वर आले की त्यात विरघळलेले क्षारही वर येतात. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि जमीन पांढरी पडू लागते. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात हेच झाले. समुद्राकडच्या ओलपाड आणि चोर्यासी तालुक्यांत खारेपणाचा त्रास अधिक, कारण तेथे उताराच नाही. नवसारी कृषी विद्यापीठाने जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून निचरा करण्याचे प्रयोग केले आणि त्यांनी जमीन सुधारते असेही दिसले. पण आधी जादा पाणी पाजायचे आणि मग खर्च करून ते बाहेर काढायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

खताचेही तसेच. १९८० च्या दशकात हजिऱ्याला कृभकोचा प्रचंड युरिया कारखाना सुरू झाला. देशाच्या कोठारात धान्य साठले त्यात या कारखान्याचा वाटा आहे, आणि मिलो खाल्लेल्या पिढीने तो विसरू नये. परंतु शेतात टाकलेल्या नत्रातला मोठा भाग पिकाला लागत नाही. काही पाण्याबरोबर विहिरीत आणि नदीत उतरतो, काही नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. उन्हाळ्यात सिंगणपोरच्या कॉजवेपाशी उभे राहिले की साचलेल्या पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर दिसते. शहरांचे सांडपाणी आणि शेतांतून आलेले नत्र-स्फुरद हे तिचे खाद्य. हेच पाणी शुद्ध करून आपण पितो. भुसावळ-जळगावच्या केळीबागांपासून मांडवीच्या उसापर्यंत जे जे जमिनीत पडते, त्याचा थोडा अंश आपल्या नळापर्यंत पोचण्याची शक्यता असते. नदीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याने वरच्या शेतीकडे पाठ फिरवून चालत नाही.

आता याच ओल्या शेताचा आरोग्याशी थेट संबंध पाहा. लेप्टोस्पायरोसिस हा आजार दक्षिण गुजरातेत दर पावसाळ्यात डोके वर काढतो. भाताच्या खाचरात आणि उसाच्या फडात उंदीर भरपूर. त्यांच्या व गुराढोरांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात व चिखलात टिकतात आणि अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायाच्या चिरेतून, खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. ताप येतो, पोटऱ्या दुखतात. बरेच जण साधा ताप म्हणून अंगावर काढतात आणि दुखणे वाढले की कावीळ होते, मूत्रपिंड निकामी होते. म्हणून आरोग्य खाते पावसाळ्यात शेतमजुरांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनची गोळी देते. गोळी चांगली आहे, पण गमबूट, हातमोजे आणि निचरा झालेले शेत ही त्या रोगावरची अधिक मुळाशी जाणारी औषधे आहेत. भात खाणाऱ्याचे दुखणे आणि भात लावणाऱ्याचे दुखणे वेगवेगळे असते. पण दोन्ही एकाच ताटाची आहेत.

कोयता

येथवर जमीन आणि पाणी झाले. आता माणसे.

दिवाळीच्या आसपास बारडोली, कामरेज, पलसाणा या भागांत रस्त्याच्या कडेला ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. डांग, तापी, नंदुरबार, धुळे या जिल्ह्यांतून ऊसतोडणीला माणसे येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. तोडणीचा हिशोब माणसावर होत नाही, 'कोयत्या'वर होतो. एक कोयता म्हणजे एक जोडपे, बहुधा बरोबर मुलेही. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या या मजुरांचा अभ्यास केला आणि खानदेशातून आलेल्या टोळ्यांचे जिणे जगापुढे मांडले. मुकादमाची पावसाळ्यातली उचल, ती फेडण्यासाठीचे अंगमेहनतीचे सहा महिने, आणि हंगामात पोटासाठी मिळणारी धान्याची खावटी, हा क्रम आपल्यापैकी ज्यांचे गाव साक्री-नवापूरकडे आहे त्यांना नवा नाही.

कोपीतल्या बाळाचे काय होते, याचा विचार करा. गाव सुटले म्हणजे तेथली अंगणवाडी सुटली, लसीचा दिवस चुकला, शाळेच्या पटावर नाव राहिले पण मूल फडात आले. आई पहाटे तोडीला जाते, तान्हे बाळ पाचटावर निजते, दूध पाजण्याच्या वेळा चुकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातेत पाच वर्षांखालची ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ८० टक्के, आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ६५ टक्के रक्तक्षयाच्या आहेत. दूध आणि साखर यांनी समृद्ध अशा राज्याचे हे आकडे आहेत. ज्याच्या हातून अन्न जाते त्याच्या पोटात ते पोचत नाही, याला काय म्हणावे?

ही माणसे परकी नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांची बोली आपल्या आजोबांच्या बोलीच्या शेजारची आहे. आपण रेल्वेने आलो आणि स्थिरावलो. ते ट्रकने येतात आणि परत जातात, एवढाच फरक. आपल्या चहातली साखर त्यांच्या कोयत्याखालून आली आहे.

ताटातून शरीरात

आता आपल्या घरात येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज निघाला, आणि १३.६ कोटी माणसे त्या वाटेवर आहेत. याला केवळ साखर कारणीभूत नाही. बसून होणारे काम, अपुरी झोप, आनुवंशिकता हेही आहे. पण रोजच्या ताटाचा वाटा मोठा आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून थोडी तुलना करू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमहून कमी. मैद्यात तंतू ३ ग्रॅमच्या आत. कोंड्यासह दळलेली गव्हाची कणीक मात्र या बाबतीत ज्वारीहून कमी नाही. म्हणजे पोळी शत्रू नाही. कोंडा काढून टाकलेले धान्य हा खरा प्रश्न आहे, म्हणजे खारी, टोस्ट, नानखटाई, पाव, बिस्किटे, जी चहाबरोबर नकळत ताटाची जागा घेतात. आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धान्यातले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. भाकरीबरोबर लिंबू, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोशिंबीर असली की ते अधिक लागू पडते, आणि जेवणाला लागून चहा घेतला की कमी. आपल्या जुन्या ताटात भाकरी-ठेच्याशेजारी लिंबाची फोड होती, ती शोभेची नव्हती.

साखरेविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की दिवसाला माणशी २५ ग्रॅमच्या आत राहिलेले उत्तम. चार माणसांच्या घरात हे महिन्याला तीन किलो होते. पण यात डब्यातली साखरच नाही, तर श्रीखंड, शीतपेय, बिस्किटे आणि घारी यांतलीही साखर धरायची. तेलाचे दुसरे टोक आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात शरीराला अपायकारक संयुगे साठतात. २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलातील अशा ध्रुवीय संयुगांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि २०२२ पासून तेल-वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची. नियम झाले. गाडीवरच्या कढईतले तेल काळे दिसते की सोनेरी, हे पाहायला मात्र आपलेच डोळे लागतात.

येथे उंधियूचे उदाहरण घ्यावेसे वाटते. सुरती पापडी, कंद, रताळे, छोटी वांगी, ओला लसूण, सगळे थंडीतले, सगळे जवळपासचे. पापडी हे शेंगवर्गीय पीक, आपल्या मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारे. म्हणजे उंधियू खाणारा जमिनीलाही खाऊ घालतो. त्यावर चार बोटे तेल तरंगत नसेल, तर शरीर, जमीन आणि जीभ या तिघांचे समाधान करणारा असा दुसरा पदार्थ सापडणे कठीण. परंपरेत शहाणपण होते, ते असे होते.

उरलेल्या घासाची गोष्ट

१९९४ चा सप्टेंबर ज्यांनी येथे काढला ते तो कधी विसरणार नाहीत. त्या पावसाळ्यात पूर येऊन गेला होता, कचरा कुजत होता, मेलेली जनावरे पडून होती, आणि प्लेगची बातमी पसरताच लाखो माणसांनी शहर सोडले. तापी खोऱ्याच्या गाड्यांना लोंबकळत आपलेही किती नातलग खानदेशात परतले! पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलणे, अधिकाऱ्यांनी रोज रस्त्यावर उतरणे, हॉटेले आणि खाद्यपदार्थांची दुकाने यांच्याकडून स्वच्छता सक्तीने पाळून घेणे, अशा साध्या उपायांनी शहर बदलले आणि दोनच वर्षांत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. मलेरियाही उतरला. त्या घटनेने सुरतेला एक धडा दिला, की सार्वजनिक आरोग्य इस्पितळात नव्हे, गल्लीच्या कोपऱ्यावर ठरते.

आज रस्ते स्वच्छ आहेत, पण ताटातले उरलेले कोठे जाते? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. ओला कचरा सुक्यात मिसळून ढिगात दबला की हवेअभावी कुजतो आणि मिथेन सोडतो. तोच वेगळा दिला तर त्याचे खत होते, गॅस होतो. सुरतेच्या बाजार समितीत भाजीपाल्याच्या कचऱ्यापासून गॅस तयार केला जातो, तेव्हा ही गोष्ट स्वप्नातली नाही. वाया गेलेल्या भाताबरोबर तो पिकवणारे पाणी, हजिऱ्याचा युरिया आणि चिखलात उभे राहिलेले पायही वाया जातात.

आपल्या हातातले

इतके सारे एकट्या घराने सुधारणार नाही. पाण्याचा दर, रेशनचे धान्य, तोडणी मजुरांचे हक्क ही सरकारची आणि कारखान्यांची कामे आहेत, आणि त्यांच्याकडे ती मागणे हे नागरिक म्हणून आपले काम. पण काही गोष्टी आजपासून होतील. आठवड्यातले तीन दिवस ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा नाचणी. मागणी वाढली तर शेतकरी पुन्हा तिकडे वळेल, आणि कडब्याच्या रूपाने गाईम्हशींचा चाराही परत येईल. साखर आणि तेल महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजून भरावे आणि डबा कधी संपतो ते पाहावे. डॉक्टरांपेक्षा तो डबा अधिक खरे बोलतो. ओला कचरा वेगळा द्यावा. लग्नकार्यात आणि आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात पदार्थांची संख्या कमी करावी. पंगतीत 'पानात टाकू नका' असे सांगणारे वडीलधारे आपल्याकडे होते, बुफेत ते काम कोणीच करत नाही.

आणि एक सूचना साहित्यप्रेमी म्हणून. येत्या हंगामात एखाद्या रविवारी बारडोली रस्त्यावरच्या कोप्यांकडे जावे. गोष्टींची पुस्तके, पाट्या, मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की बरोबर न्यावी, आणि जवळच्या अंगणवाडीत त्या मुलांची नावे आहेत का, एवढे विचारून यावे. त्यांच्याशी बोलायला आपल्याला दुभाषा लागणार नाही, आणि हे इतर सुरतकरांना सहज जमणार नाही.

आईची भाकरी आता आमच्या घरात रोज होते. ती थापताना आई म्हणते, 'तुझी आजी हे पाहुण्यांपासून लपवत असे.' आता पाहुणे आले की मुद्दाम वाढतो, लिंबाच्या फोडीसह. आपणही या.